माळरानावरची सफारी

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेसाठी बहिणीची मुलं सोलापूरला येणार आहेत. त्यांना एका दिवसात वन्यप्राणी दाखवता येतील का? सोबत सत्तरीची आईही असेल.

उत्तर : जरूर. बार्शी रस्त्यावर साधारण वीस किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. १९७९ साली ते घोषित झालं. माळढोक आता अतिदुर्मीळ आहे, त्यामुळे मुलांना त्याची आशा लावू नका. काळविटांचे कळप मात्र सहसा दिसतात : पिळदार शिंगांचा, काळा-पांढरा तो नर आणि बदामी रंगाच्या माद्या. नशीब असेल तर खोकड किंवा लांडगाही दिसतो. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी दिवेलागणीला गवतात उतरतात.

आधी वन विभागाकडे प्रवेशाची चौकशी करा. सूर्योदयानंतरचे दोन तास किंवा दुपारी चारनंतरची वेळ उत्तम. पायी माणूस दिसला की काळवीट पळतात, थांबलेल्या गाडीला तेवढे बिचकत नाहीत. म्हणून सगळ्यांनी गाडीतच बसावं. आईंचीही त्यात सोय होते. दुर्बीण, पाणी, कानटोपी घ्या. भडक कपडे टाळा. परतताना एखाद्या शेतात ज्वारीचा हुरडा खाऊन या.