वावरात राबणाऱ्याला योगासनं कशाला?

प्रश्न : आमची कोरडवाहू शेती आहे. निंदण, डवरण, फवारणी, वेचणी यांत दिवसभर अंग झिजतं. तरी आरोग्य शिबिरात ‘योगासनं करा, पौष्टिक खा’ असं सांगतात. इतकं राबल्यावर आणखी व्यायाम कशासाठी? आणि महागडे डबे न आणता पौष्टिक खायचं कसं?
– एक वाचक, घाटंजी तालुका (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. हृदयाला आणि स्नायूंना लागणारे श्रम तुम्हाला कामातूनच भरपूर मिळतात. उणीव राहते ती दुसरीकडे. कापूस वेचणारी बाई पाहा. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, मान खाली आणि हात एकामागून एक बोंडाकडे. ओटी भरत जाते तशी कमरेवरची ओढ वाढते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हेच चालतं. निंदतानाही पुढेच झुकायचं. कणा सतत एकाच बाजूला वाकतो आणि त्याला मागे वळायची पाळीच येत नाही. आसनांचं काम इथे सुरू होतं.

संध्याकाळी हातपाय धुऊन, जेवणाआधी सतरंजीवर पंधरा मिनिटं काढा. ताडासनात अंग वर ताणा. मार्जारासनात पाठ सावकाश वर-खाली करा. मग भुजंगासनात छाती सोसेल तेवढीच उचला. शेवटी मकरासनात पालथं पडून राहा. कमरेची कळ पायात उतरत असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. फवारणी करून आल्यावर मळमळ, गरगर किंवा धाप जाणवली, तर प्राणायाम करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

हे सगळं पुस्तकात पाहून करण्यापेक्षा जाणत्याकडून शिकलेलं बरं. योगाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचं काम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून सुरू केलं. आपल्या विदर्भात नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने कितीतरी पिढ्यांना योग शिकवला आहे. योग दिन २१ जूनला येतो, तेव्हा आपल्याकडे पेरणीची धांदल असते. म्हणून तुम्ही तारखेकडे पाहू नका, पेरणी उरकली की सुरुवात करा.

आता मनाविषयी. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून निजण्यापूर्वी पाच मिनिटं श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. पाऊस लांबला, कर्ज थकलं, भाव पडला, ही काळजी प्राणायामाने मिटत नाही. पण जीव थाऱ्यावर येतो आणि पुढचं काही सुचतं. मात्र घरातल्या कुणाची झोप, भूक उडाली असेल, तो अबोल झाला असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. मराठीतही बोलता येतं.

आहाराचं म्हणाल, तर डबे आणूच नका. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढेच तंतू असतात. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी पडतो. तो तुरीच्या वरणातून किंवा बेसनाच्या झुणक्यातून भरून निघतो. भाकरी-झुणका ही जोडी अशी नेमकी जुळलेली आहे. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ मिळतं. जवस भाजून, कुटून घ्या, कारण अख्खे दाणे तसेच पोटातून निघून जातात. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी आहेच. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. एक मात्र सांभाळा : तणनाशक मारलेल्या वावरातली किंवा धुऱ्यावरची भाजी खुडू नका. ती धुऊनही खाण्याजोगी होत नाही.

कपाशी आणि सोयाबीनने आपल्याकडच्या ज्वारीची जागा घेतली. रानडुकरं आणि पाखरांच्या त्रासाने उरलीसुरलीही बंद झाली. तरी जमेल त्यांनी घराजवळच्या, राखण करता येईल अशा तुकड्यात खाण्यापुरती ज्वारी आणि तूर जरूर पेरावी. कष्ट करणाऱ्या माणसाने आधी स्वतःच्या ताटासाठी पिकवावं, मग बाजारासाठी.