साखर नॉर्मल आली, मग गोळी कशाला?

वस्तीत तपासणीचे शिबिर लागले की हा प्रश्न हमखास येतो. "मागच्या महिन्यात साखर नॉर्मल निघाली, म्हणून गोळ्या बंद केल्या." बी.पी.वाले असेच म्हणतात. हृदयात स्टेंट टाकलेले रुग्णही सहा महिन्यांनी छातीत दुखत नाही म्हणून गोळ्या सोडून देतात.

साखर नॉर्मल आली ती गोळीमुळे. रिपोर्ट चांगला आला म्हणजे औषध लागू पडते आहे एवढेच कळते, आजार गेला असे नव्हे. धानाच्या बांधीत पाणी नीट थांबले म्हणून आपण धुरा फोडत नाही. गोळी बंद केल्यावर पहिले काही आठवडे काहीच जाणवत नाही, आणि फसगत तिथेच होते. साखर वाढली तरी दुखत नाही. बी.पी. वाढले तरी बहुतेकांना कळत नाही. आत मात्र डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायांच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होत राहतात. मग एक दिवस पायाची जखम भरत नाही, किंवा तोंड वाकडे होऊन माणूस खाली पडतो.

हा दोष फक्त आपल्या वस्तीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. 2011 मध्ये 'प्युअर' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात भारतही होता. गरीब देशांच्या गटात हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहापैकी आठ लोकांना, पुन्हा झटका येऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्यांपैकी एकही सुरू नव्हती. म्हणजे केवळ रुग्णाला हट्टी म्हणून मोकळे होता येत नाही. गोळी हाताशी नसेल, मजुरी बुडवून आणावी लागत असेल, कशासाठी घ्यायची हे कोणी सांगितलेच नसेल, तर ती सुटणारच.

गोळी हाताशी आली की काय होते ते आपल्या शेजारीच पाहता येते. 2017 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले होते. पद्धत साधी होती. ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात दर भेटीला बी.पी.ची मोजणी, आणि जो रुग्ण आला नाही त्याची फोन करून चौकशी. यात महागडे यंत्र कुठेच नाही. शेवटची गोष्ट, म्हणजे न आलेल्याची चौकशी, आपले महिला मंडळही करू शकते.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपण सर्व जाणतो, पण त्या आजाराचा विचार फारसा करत नाही. संविधानाचे काम चालू असताना त्यांना झोप लागत नसे, पायांच्या नसा दुखत. ते इन्सुलिन घेत. उपचारासाठी मुंबईला गेले असताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या डॉ. सविता तथा माईसाहेब आंबेडकर. 1954 मध्ये भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता आणि त्यांची प्रकृती खालावलेली होती. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज उपकेंद्रात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहाच्या रुग्णांना पहिल्यांदा दिली गेली ती फ्रान्समध्ये, 1957 साली. कोलेस्टेरॉलच्या आजच्या गोळ्या तर त्यानंतर तीस वर्षांनी बाजारात आल्या. घरी साखर मोजायचे यंत्रही तेव्हा नव्हते. बाबासाहेबांना जे मिळाले नाही ते आपल्या घरात फळीवर पडून असते, आणि आपण 'सवय लागेल' म्हणून घेत नाही.

सवय लागते हा गैरसमज आहे. मधुमेहाच्या किंवा बी.पी.च्या गोळीचे दारू-खर्र्यासारखे व्यसन लागत नाही. गोळी रोज लागते, कारण आजार रोज असतो. 'गोळी गरम पडते' असेही बरेच जण म्हणतात. मेटफॉर्मिनने सुरुवातीला काहींना गॅस, मळमळ किंवा पातळ संडास होते, हे खरे आहे. जेवणासोबत किंवा जेवण झाल्याबरोबर घेतली की त्रास कमी होतो. तरीही थांबला नाही तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा हळू विरघळणारी गोळी देतात. पण त्यासाठी त्यांना सांगावे लागते. मुकाट्याने बंद करून पुढच्या वेळी "घेतो ना साहेब" म्हटले, तर डॉक्टर समजतात की औषध कमी पडते आहे, आणि आणखी एक गोळी वाढवतात.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. भगवान बुद्धांनी आणि आनंदांनी त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. रुग्णसेवेचे महत्त्व सांगताना विहारात ही कथा आपण ऐकतो. तिच्या पुढचा भाग कमी ऐकायला मिळतो. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते, हे तिथे सांगितले आहे. जो आपल्याला हितकारक तेच करतो, त्यातही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे वाढले की कमी झाले ते सेवा करणाऱ्याला खरेखरे सांगतो, आणि वेदना सोसतो. डॉक्टरला खरे सांगणे हे अडीच हजार वर्षांपासून रुग्णाचे काम आहे.

वर्षावासात आपल्या अनेक माता-भगिनी उपोसथाला अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. ज्या इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. गोळी पोटात आणि अन्न नाही, अशा वेळी साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हातापायांना थरथर, धडधड, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. लगेच तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यात घालून पाजावा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावा, आणि मग जेवू घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, 108 ला फोन करावा. शील मोडेल ही भीती नको. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे अवेळीही घेण्याची परवानगी बुद्धांनीच दिली होती.

हाच धोका रोवणीच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत असतो. पहाटे गोळी घेऊन उपाशी निघायचे आणि शिदोरी दहा वाजता सोडायची, हे चालणार नाही. कामाची वेळ डॉक्टरांना सांगा, ते गोळीची वेळ तशी बसवून देतात. गोळी एक वेळ राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. नवऱ्याची गोळी बायकोने खाऊ नये, नाव एकच असले तरी मात्रा वेगळी असते.

स्टेंट टाकलेल्यांसाठी मात्र वेगळा इशारा. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. पहिली साधारण वर्षभर चालते, दुसरी बहुतेकांना कायमची. त्या मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा झटका येऊ शकतो. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन मोफत झाले, आणि पुढच्या काही रुपयांच्या गोळीवाचून माणूस गेला, असे होऊ नये.

पैशाचे म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय त्यात येतात. मेडिकल कॉलेजचे रुग्णालय दुसऱ्या विभागाकडे असते, तिथे चौकशी करून घ्यावी. बाहेरून घ्यायची वेळ आली तर जनऔषधी दुकानात तेच औषध बरेच स्वस्त पडते. पण एक काळजी घ्या. दर वेळी गोळीचा रंग आणि पाकीट बदलते, आणि जुनी व नवी मिळून एकच औषध दुप्पट खाल्ले जाते. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. आजी-आजोबांना इंग्रजी नाव वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाने पाकिटावर पेनने सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून द्यावा.

इन्सुलिनवाल्यांना उन्हाळा जड जातो. टिनाच्या घरात मे महिन्यात बाटली खराब होते. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डबीत घालून, ती डबी मातीच्या मडक्यात ठेवावी, आणि ते मडके ओल्या रेतीवर सावलीत ठेवावे. बाटलीला पाणी लागू देऊ नये, बर्फात तर कधीच ठेवू नये. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरता येते, म्हणून उघडल्याची तारीख लिहून ठेवा. साध्या इन्सुलिनचे पाणी स्वच्छ असते, ते गढूळ झाले तर टाकून द्या. मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ असते, त्यात गाठी दिसल्या तर वापरू नका. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना बाटली आणि गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात, सोबत बिस्किटाचा पुडा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स.