येईन, येणार आहे, येतोय



इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्यय नाही. मराठीत ‘जा’चे ‘जाईन’ होते, तसे ‘गो’चे काही होत नाही. शेजारी साहाय्यक क्रियापद येते, नाहीतर वर्तमानकाळावरच काम भागते. ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकीच्यांना विल, हा शाळेतला नियम जॉन वॉलिसच्या १६५३ च्या लॅटिन भाषेतल्या व्याकरणाइतका जुना आहे. रोजच्या बोलण्यात तो उरलेला नाही. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ अशा विचारणेपुरता शॅल टिकला आहे, तोही मुख्यतः ब्रिटनमध्ये.

खरी निवड विल, गोइंग टू आणि चालू वर्तमानकाळ यांत करायची असते, आणि ती मराठी कानाला मुळीच परकी नाही. दाराची बेल वाजताच उठणारा ‘आय विल गेट इट’ म्हणतो. निर्णय त्याच क्षणाचा असल्याने तिथे गोइंग टू खटकते. आधीच मनात ठरलेले असेल तर ‘आय अ‍ॅम गोइंग टू लर्न ड्रायव्हिंग’, म्हणजे ‘शिकणार आहे’. तिकिटे काढून झाली की ‘वी आर लीव्हिंग टुमॉरो’, अगदी ‘उद्या निघतोय’सारखे. आभाळ भरून आलेले दिसत असताना ‘इट इज गोइंग टू रेन’. नुसता अंदाज असेल तर ‘आय थिंक इट विल रेन’. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स’.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो व्हेन आणि इफपाशी. ‘जेव्हा तो येईल तेव्हा’ हे मनात घोळत असल्याने ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ तोंडातून निघते. विल फक्त मुख्य वाक्यात हवा. व्हेनच्या पुढे ‘ही कम्स’. खरे तर ‘तो आला की सांगेन’ म्हणताना मराठीही पहिल्या भागात भविष्यकाळ टाळतेच. अनटिल, बिफोर, आफ्टर, अ‍ॅज सून अ‍ॅज यांनाही हेच लागू.

मात्र ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर आहे, कारण तिथला व्हेन वेळेची अट घालत नाही, ‘कधी’ एवढाच प्रश्न पोटात घेऊन येतो. ‘इफ यू विल वेट हिअर’ या अदबीच्या विनंतीतही विल चालतो; त्यातला विल काळाचा नसून समोरच्याच्या तयारीचा आहे.

– मामा