साडेसातव्या वर्षीच वयात येतेय का?

प्रश्न : मुलगी साडेसात वर्षांची, वजन 38 किलो. छाती भरू लागली आहे. सासूबाई म्हणतात, अंगानं भरलेली आहे, बाकी काही नाही. – एक आई, सेलू (जि. वर्धा)

उत्तर : ताई, सासूबाई चूक नसतीलही, लठ्ठ मुलींत कधी ती नुसती चरबीच असते. पण स्तनाग्राखाली टणक गाठ लागत असेल, तर आठ वर्षांच्या आत ते लवकर वयात येणंच म्हणायचं. जास्तीच्या चरबीमुळे लेप्टिन, इस्ट्रोजेन ही संप्रेरकं वाढतात आणि हाडं वयाच्या पुढे धावतात, मग वाढही लवकर थांबते. आज वर्गात उंच दिसणारी पोर पुढे बुटकी राहू शकते. सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. उपाशी मात्र ठेवू नका! बिस्किटांचे पुडे बंद, पोळी-वरण-भाजी चालू, संध्याकाळी तासभर अंगणात खेळ. तिच्यासमोर वजनाचा विषय काढूच नका, सासूबाईंनाही सांगा.