बी. एच. सी. चे अवशेष जमिनींत कसे विरतात?

भारत सरकारनें बी. एच. सी. भुकटीवर १९९७ सालीं बंदी घातली. परंतु ज्या शेतांत ती वर्षानुवर्षें धुरळली गेली, तेथील अवशेष हुकमानें नाहींसे होत नाहींत. ते कशानें विरतात, हें आम्ही येथें सांगतों.

या विषाच्या रेणूंत कार्बनचे सहा व क्लोरिनचे सहा परमाणु असतात. रचनाभेदानें त्याचे अनेक प्रकार होतात. कीड मारतो तो मुख्यत्वें गॅमा. प्रयोगशाळेंत अल्कलीच्या योगानें गॅमाचा क्लोरिन लौकर सुटतो, बीटाचा फार सावकाश.

फिलिपाइन्समधील लॉस बानोस येथें १९६६ सालीं असें आढळलें कीं, पाणी भरलेल्या भातजमिनींत गॅमा लौकर नाहींसा होतो. तीच माती निर्जंतुक केल्यास तो पुष्कळ टिकतो. अर्थात् हें काम सूक्ष्म जंतूंचें होय. कोरड्या जमिनींत तें मंद चालतें. बीटा तर दोहींकडे चिवट.

यास्तव जिराईत जमिनीविषयीं अधिक सावध असावें. संशय असल्यास गाजरासारखीं मुळांचीं पिकें घेण्यापूर्वीं माती तपासून घ्यावी. जुनी पिशवी सांपडल्यास ती ओतूं वा पुरूं नये. कृषिखात्यास कळवावें, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.