चौऱ्याहत्तर चाकांची गाडी

मंडळी, बैलगाडीला दोन चाकं. मालट्रकला सहा, दहा, बारा-चौदा, कधी त्याहून थोडी जास्त. पण ७४ चाकांची गाडीही असते. अशी एक गाडी आपल्या महाराष्ट्रातून थेट केरळात गेली. तिची हकीकत वाचू या.

जुलै २०१९ मध्ये गाडी निघाली. तिच्यावर एकच यंत्र होतं. वजन ७० टन. एक टन म्हणजे १० क्विंटल. क्विंटलाचं एक पोतं धरलं, तर ७०० पोती ज्वारी! पोती दहा गाड्यांत वाटून नेता येतात. अखंड यंत्र कसं वाटणार? ती एक भलीमोठी बंद भट्टी होती. तिच्यात उष्णता आणि दाब देऊन अवकाशयानाचे भाग पक्के करतात. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राला ती हवी होती.

आता, इतकी चाकं कशाला? चिखलात उभे राहा. पाय रुततो. त्यावर फळी टाकून उभे राहा. रुतत नाही. वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर वाटलं गेलं. आम्ही हिशेब करून पाहिला. ७०० क्विंटल ७४ चाकांवर वाटले, तर एका चाकाला सुमारे साडेनऊ क्विंटल येतात. गाडीचं स्वतःचं वजन वेगळं.

पण रस्ता सगळा सपाट कुठं असतो? एक चाक खड्ड्यात गेलं, की त्याचा भार शेजारच्या चाकांवर पडेल. म्हणून अशा जड ट्रेलरच्या चाकांवर तेलाचे दट्टे बसवतात आणि ते नळ्यांनी एकमेकांना जोडतात. खड्डा आला की दट्ट्या खाली सरतो, उंचवटा आला की वर. तेल नळीतून इकडून तिकडं जातं. ओझं सर्वांवर सारखं राहतं.

तरी वाट सोपी नव्हती. कुठं विजेच्या तारा बाजूला केल्या, कुठं झाडं तोडली, कुठं रस्ता दुरुस्त केला. गाडी दिवसाला सुमारे ५ किलोमीटर चाले. त्यात २०२० ची टाळेबंदी आली. गाडी पोचली जुलै २०२० मध्ये. पुरतं एक वर्ष लागलं!

आपल्या उसाच्या ट्रॉलीलाही हाच नियम आहे. चाकं तेवढीच ठेवून ओझं वाढवत नेलं, तर टायर फुटतो, मोरी खचते, ट्रॉली उलटते. मग माणूसही जातो. चार मोळ्यांसाठी जीव घालवू नये. ओझं चाकांना विचारून भरावं.

सांगा पाहू :
१. फळीवर पाय का रुतत नाही?
२. तुमच्या ट्रॉलीला चाकं किती? त्यावर ऊस किती भरता?