मित्रकीटकांचें अन्न : बांधावरील मकरंद

बोंडअळी व खोडकीड यांच्या बंदोबस्तासाठीं ट्रायकोकार्ड आणून पिकांत लावणारे शेतकरी आतां पुष्कळ आहेत. त्या कार्डांतून निघणारा ट्रायकोग्रामा नांवाचा परोपजीवी कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतो. त्याची मादी किडीच्या अंड्यांत आपलें अंडें घालते व अळी जन्मण्यापूर्वींच किडीचा नाश होतो. इतकें वाचकांस ठाऊक असेलच. परंतु हा कीटक कार्डांतून बाहेर पडल्यावर खातो काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

परोपजीवी कीटकाची अळी दुसऱ्या किडीच्या देहावर अगर अंड्यावर वाढते. प्रौढ कीटक मात्र बहुतांशीं गोड रसावर जगतो. प्रयोगशाळेंत ट्रायकोग्रामा उपाशी ठेविल्यास दोन-तीन दिवसांत मरतो. मधपाणी मिळाल्यास आठवडाभर व त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे उघड्या, फूलविरहित शेतांत लावलेल्या कार्डाचे पैसे पुष्कळ अंशीं वायां जातात.

हा रस केवळ फुलांतच असतो असें नाहीं. कपाशीचें पान उलटून पाहावें; मधल्या शिरेवर बारीक खळगी दिसेल. ती मकरंदग्रंथी होय, आणि ती झाड फुलावर येण्यापूर्वींच पाझरूं लागते. एरंडाच्या पानाच्या देठावर व चवळीच्या फुलांच्या दांड्यावरही अशा ग्रंथी असतात. फुलांपैकीं धने, बडीशेप व शेपू यांचीं उथळ फुलें उत्तम. कारण या कीटकांचें तोंड आंखूड असल्यामुळें खोल नळीच्या फुलांतील रस त्यांस लाभत नाहीं.

चीन, थायलंड व व्हिएटनाम येथें भातखाचरांच्या बांधांवर तीळ वगैरे मकरंद देणारीं झाडें लावून चार वर्षें प्रयोग झाले. सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें कीटकनाशकाचा वापर ७० टक्क्यांनीं घटला व उत्पन्न ५ टक्क्यांनीं वाढलें. आमच्या पूर्व विदर्भांत भाताच्या बांधावर तूर लावण्याची चाल आहेच. तेथें तिळाची एक ओळ लावून पाहण्यास हरकत नसावी. सातबाऱ्यावर पिकांची नोंद होते, बांधावरच्या फुलांची होत नाहीं; म्हणूनच कीं काय, त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र घ्यावी. मकरंदावर किडींचे पतंगही पोसतात. याच कारणानें अमेरिकेंत मकरंदग्रंथी नसलेल्या कपाशीच्या जाती काढण्यांत आल्या. म्हणून लांब नळीचीं फुलें टाळून वर सांगितलेलीं उथळ फुलेंच पसंत करावींत. दुसरें असें कीं, झाडांत भिनणारें औषध मकरंदांतही उतरतें व तो रस पिणारा मित्रकीटक अल्पायुषी होतो. कार्ड लावण्याच्या सुमारास अशी फवारणी करूं नये.

धने पेरल्यापासून सुमारें दीड-दोन महिन्यांनीं फुलतात. तेव्हां बांधालगत पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां पेरावे, म्हणजे फुलोरा तुटणार नाहीं. गाजरगवत मात्र उपटूनच टाकावें. त्यावर कपाशीचा पिठ्या ढेकूण आश्रय घेतो.